बिराप्पाचा ढीग

बिराप्पा अकरा वर्षांचा होईपर्यंत घोड्यावर बसून हिंडला. राजाचा पोरगा होता म्हणून नव्हे. आटपाडीकडच्या धनगरांची मेंढरं दिवाळी झाली की घाटाखाली निघतात. तेव्हा सगळा संसार घोड्यावर लादतात. वाकळा, भांडी, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं. त्या कोकरांत हा. ह्याच्या आधीची तीन पोरं गेली होती, म्हणून ह्याची आई हरणाबाई ह्याचा पाय जमिनीला लागू देत नव्हती. सहा-सहा वर्षांची पोरं मेंढरांमागं पळायची आणि हा वरून बघायचा.

"हरणाबाई, उतरीव गं त्याला, घोडं मरंल," बायका म्हणायच्या.

"मरू दे. घोडं दुसरं मिळंल."

एकदा त्याला मिरजेला दाखवायला नेलं. डॉक्टरनं छाती तपासली, पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, ह्याला काही झालेलं नाही, ह्याला चालवा. हरणाबाईनं गावात येऊन सांगितलं, दागदरला काय बी कळत न्हाई. झालं. पोरगं वाढलं ते बसूनच. लग्न झालं तरी बायको बनुबाई मेंढरांमागं जायची आणि हा तळावर बसून कोकरं राखायचा. चोवीस वर्षांचा गडी, दंडात बोट रुतावं असा मऊ.

बाहत्तर साली सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नाही. मेंढरं निम्मी विकली, निम्मी मेली. बनुबाईला सातवा महिना होता, हरणाबाईला दिसेनासं झालं होतं. घरात राबायला एकच माणूस उरलं आणि त्याला राबणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला तो आला तो असा.

त्या कामावर मीही खडी फोडत होतो, आणि कुणी न सांगता सगळ्यांच्या वतीनं भांडतही होतो. पहिल्या दिवशी बिराप्पानं दहा-बारा हातोडे मारले आणि मांडी घातली. दुपारी त्याला भोवळ आली. शेजारी रंगुबाई फोडत होती. साठीची विधवा, हाडं तेवढी शिल्लक. तिनं आपल्या वाटणीचं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तिच्याएवढी खडी पाडायला ह्याला पुढं महिना लागला. तीच शिकवायची, "दगडावर राग काढू नगं रं. तू नुसता उचल, पडायचं काम हातोडा करतोय."

मग काहीतरी झालं. डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. हाताचे फोड जाऊन घट्टे पडले. गळ्याखालचं मांस उतरलं, खांदे रुंद झाले. सरकारची सुकडी आम्हीही खात होतो, पण अंगी लागली ती ह्याच्याच. फाल्गुनात तर तो घरापासून कामापर्यंत दोन कोस पळत यायला लागला.

"कुत्रं लागलंय का रं मागं?" मी विचारलं.

"न्हाई आण्णा. पळाय येतंय, म्हणून पळतोय."

दुपारच्या सुट्टीत गडी एक मोठा धोंडा उचलायची पैज लावायचे. एके दिवशी ह्यानं तो खांद्यावर घेतला आणि पाच पावलं चालून दाखवलं. धोंडा टाकल्यावर स्वतःचेच दंड चाचपून बघत उभा राहिला. लोक हसत होते, ह्याचं लक्ष नव्हतं.

आमचा मुकादम नाथाजी कृष्णाकाठचा. घरचं उसाचं रान, वर पलटणीतली पेन्शन. त्याला बिराप्पा आवडला. "शाबास जवान!" म्हणून ओरडायचा. बिराप्पाला जन्मात कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तो आणखी फोडायचा. खडी लाकडी पेटीनं मोजायची, दिवसाला माणशी चार पेट्या. ह्याच्या सात भरायला लागल्या.

चैत्रात एका सोमवारी नाथाजीनं हुकूम काढला, आजपासनं माणशी सहा पेट्या, कमी भरल्या तर हजेरी अर्धी.

मी उसळलो. "कुठल्या कायद्यात बसतंय हे?"

"कायदा ऱ्हाऊ दे, त्यो ढीग बघ," तो म्हणाला. "घोड्यावर वाढल्यालं लेकरू सात भरतंय. तुमी जन्माचं राबणारं, तुमास्नी सहा जड व्हय रं?"

तोंड बंद करणारा ढीग समोर होता आणि तो आमच्याच माणसाचा होता.

त्या दिवशी रंगुबाईची हजेरी अर्धी पडली. दुसऱ्या दिवशी बिराप्पानं आपली दोन पेट्या खडी गुपचूप तिच्या ढिगात ओतली. नाथाजीनं ते पाहिलं. बुटानं तिचा सगळा ढीग विस्कटला आणि म्हणाला, "ज्याचा ढीग त्येनंच फोडायचा."

संध्याकाळी मी बिराप्पाला गाठलं. "उद्यापासनं चारच भर."

"का म्हणून?"

"आठ दिवसांनी मोठा साहेब मोजाय येणार हाय. त्येला सातचा ढीग दिसला की सहा पेट्या कागदावर पक्क्या. मग रंगूआत्ती मेलीच म्हण."

"मी कुणाचं काय घेतलंय? हात माझं, घाम माझा."

"त्येच सांगतोय. तुझाच हात तिच्या ताटात पडतोय."

"आण्णा, चोवीस वर्सं आईनं बसीवलं. आता कुठं हात चालाय लागलं, तर तुमी बी बसच म्हणताय?"

मी त्याला शिवी हासडली आणि निघून आलो. ती शिवी आजही जिभेवर कडू लागते.

दुसऱ्या दिवशी तो रंगुबाईला लागून बसला. तिनं हातोडा उचलला की हा उचलायचा, तिचा पडला की ह्याचा. ती दम खायला थांबली की हाही थांबायचा. नाथाजी येऊन उभा राहिला.

"काय जवान, मातारीबरोबर दळाण दळतोस व्हय?"

चार माणसं हसली. बिराप्पाच्या दंडावरची शीर तटतटली. हातोडा मात्र रंगुबाईचा पडल्यावरच पडला. तीही जिवाच्या आकांतानं मारत होती, चार पेट्या कशाबशा भरत होती.

आठ दिवस हेच. ते बघून बाकीचेही चारवर थांबले, अर्धी हजेरी सोसली. साहेब आला, पेटी लावली. ओळीनं सगळे ढीग चारचे.

"सात भरणारा कुठाय तुमचा?" त्यानं नाथाजीला विचारलं.

नाथाजीनं बिराप्पाकडं बोट केलं. साहेबानं त्याचे खांदे पाहिले, मग ढीग पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "एवढा गडी चार फोडतो, तर बाकीच्यांच्या सहा कशा होतील?" चार कायम झाल्या.

आनंद करायला कुणाच्यात जीव नव्हता. सगळ्यांची बुडालेली हजेरी बुडालीच. संध्याकाळी मी बिराप्पाजवळ जाऊन बसलो.

"लय दमलोय, आण्णा," तो म्हणाला. "सात पेट्या फोडून कवा येवढा दमलो न्हवतो." मग हातोडा बाजूला ठेवून, "असं किती दिस करायचं?"

"काम सुरू हाय तवर. तू हात सोडलास की त्यो परत सहा करणार."

त्यानं आपले पंजे उघडले, मिटले.

"बरं," म्हणाला, आणि घराकडं चालू लागला.