अर्ध्या कोर्सचे डॉक्टर

माझे मोठे मामा चष्म्याच्या दुकानात पांढरा कोट घालून बसत. त्या कोटामुळेच असावं, आपण डॉक्टर आहोत अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. कुणी शिंकलं की मामांचा हात ड्रॉवरकडे गेलाच. त्यात अँटिबायोटिकच्या अर्धवट वापरलेल्या पट्ट्या असत. सर्दी असो, जुलाब असोत की दाढदुखी, त्यांचं एकच सांगणं: दोन गोळ्या घ्या, बरं वाटलं की थांबा, उरलेल्या परत आणून द्या. कोर्स पुरा करणं हे त्यांच्या मते भित्र्या माणसांचं काम. चांगली शिकलीसवरलेली माणसं ते ऐकून घेत आणि गोळ्या खिशात टाकून जात. मामांइतकीच मला त्या माणसांचीही चीड यायची.

स्वतःवर तर मामा फारच उदार. लघवीला जळजळ व्हायला लागली तेव्हा ड्रॉवरमधलं काहीबाही गिळलं. कमी झालं, थांबले. पुन्हा सुरू झालं, दुसरी पट्टी फोडली. मामींनी दवाखान्याचं नाव काढलं की "तुला काय कळतं त्यातलं?" हे ठरलेलं.

मग एका सकाळी दुकानातच त्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, गिऱ्हाइकाशी असंबद्ध बोलू लागले, मामींनाही ओळखेनात. आम्ही त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. रक्तदाब पार घसरला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांतून रक्त काढून कल्चरच्या बाटल्यांत भरलं आणि लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. लघवीतला जंतू रक्तात शिरलेला दिसतोय, त्या म्हणाल्या. तो कशानं मरतो ते लॅब सांगेल.

औषध चालू होतं, पण ताप हटेना. लॅबचा निकाल आल्यावर बाईंनी मामींना समजावलं. रक्तातला जंतू बशीत वाढवतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाही. मामांचा जंतू जवळजवळ सगळ्या चकत्यांना खेटून उगवला होता. एकाच औषधाला त्यानं दाद दिली होती.

"घरी कोणती औषधं घेत होते?" बाईंनी विचारलं.

मामी म्हणाल्या, "ज्याची ज्याची उरली, ती सगळी."

ते एकमेव औषध चढवलं आणि मामा वाचले. तोवर मामी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होत्या. पाय सुजून चपलेत मावेनासे झाले. शुद्धीवर आल्यावर मामांनी त्यांची चौकशी केली नाही. वॉर्डात हलवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मात्र सल्ला दिला, की ताप उतरलाय ना, मग संध्याकाळची गोळी घेऊ नका. नर्सनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी एक औषध शिल्लक होतं. पुढच्या वेळी कदाचित तेही नसेल."

मामांनी ते पदकासारखं छातीवर लावलं. भेटायला येणाऱ्याला ते अजून सांगतात की साध्यासुध्या औषधांचं आपल्यापुढे काही चालत नाही, आपल्याला सगळ्यात वरचंच लागतं.

मामी हल्ली आपलं दुखणं त्यांच्या कानावर घालत नाहीत. परवा घसा धरला तेव्हा त्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे आल्या. डॉक्टरांनी घसा नीट पाहिला आणि कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. गोळी दिलीच नाही.