बरणीतलं माकुल

शिंगं मोडून वासरांत शिरणे, या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी शाळेत करून दाखवला होता. बेचाळिसाव्या वर्षी स्वतःच तो करून दाखवला. मुलुंडच्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला बायोलॉजी घेतलं आणि पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं, तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना मी मॅडम वाटले. मी मान खाली घालून शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि बसले. मग एकेक जण हळूहळू खाली बसला. हसलं कोणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बारावीला मला सायन्समध्ये बरे मार्क होते. मग लग्न, मुलगी आणि भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काउंटर. लोकांच्या हातात रिपोर्ट ठेवायचा आणि त्यांनी "ताई, यात काय लिहिलंय?" असं विचारलं की "डॉक्टरांना दाखवा" म्हणायचं. हे वाक्य बोलून बोलून मला त्याचा वीट आला होता. त्यात काय लिहिलंय ते मला कळायला हवं होतं, दुसरं काही नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एक वर्ष बघूया गो. नाय जमला तर परत फुल टाइम काउंटर." मी हो म्हटलं. सकाळी कॉलेज आणि दुपारी अर्धा दिवस काउंटर, असं सुरू झालं. माझ्या हातात एक वर्ष होतं आणि नाहूरची आमची अख्खी बिल्डिंग ते वर्ष बघत होती.

अभ्यास मला येतो, असा माझा समज होता. आमच्या शाळेत अभ्यास म्हणजे घोकंपट्टी. कुठलं उत्तर कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, हे डोळ्यांसमोर आणायचं आणि उतरवून काढायचं. त्यावर मी वर्गात पहिली यायचे. तेव्हा आता काय वेगळं असणार? धडे मराठीतून समजून घेत बसण्यापेक्षा इंग्रजी वाक्यं तशीच्या तशी पाठ केली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना माझं तोंड चालू. मुलगी म्हणायची, "आई, तू मंत्र म्हणतेयस का?"

प्रॅक्टिकलला स्पॉटिंग असतं. बरण्यांमध्ये जपलेले प्राणी टेबलावर नंबर लावून मांडतात, घंटा वाजली की पुढच्या बरणीपुढे सरकायचं आणि प्राणी ओळखून त्याची लक्षणं लिहायची. या बरण्या वर्षभर लॅबच्या भिंतीशी कपाटात असतात. शनिवारी लॅब रिकामी झाली की मी एकटी तिथे जायचे. सगळ्यांसोबत गेले असते तर काहीतरी विचारावं लागलं असतं आणि विचारलं की कळलं असतं, या बाईला एवढंही येत नाही. मी माझी युक्ती काढली होती. झाकणाला तडा गेलेली बरणी म्हणजे नेरीस. पाणी चहासारखं झालेली म्हणजे जळू. झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावलेली म्हणजे सी अ‍ॅनिमोन. काळं झाकण, तिरपं लेबल, ते लोलिगो. प्रत्येक बरणीचं उत्तर मला तोंडपाठ होतं. बरणीच्या आत मी कितीदा नीट बघितलं, हे विचारू नका.

आमच्या बॅचची पोरं मात्र लायब्ररीच्या जिन्यावर कोंडाळं करून बसायची. एकाने पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं. निम्मी उत्तरं चुकायची आणि मग हा गलका व्हायचा. जाता-येता त्यातली एक मुलगी मला म्हणायची, "काकी, बसा ना." ती मरोळहून इतक्या लांब यायची, दोन वेण्या, सतत काहीतरी खात असायची. मी म्हणायचे, "नको गं, घरी काम आहे." मनात म्हणायचे, हा काय अभ्यास आहे? खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या पोरांसमोर मी चुकले तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती वर्षभर झाकून ठेवली.

परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये शिरले आणि दारातच थांबले. बाहेरून परीक्षक येणार म्हणून सगळे प्राणी नव्या, चकचकीत बरण्यांत भरले होते. तडा नाही, काळं झाकण नाही, चहाचा रंग नाही. घंटा वाजत होती, मी पुढे सरकत होते आणि प्रत्येक बरणीत काहीतरी पांढुरकं, सुरकुतलेलं तरंगत होतं. एकाही प्राण्याशी माझी ओळख नव्हती. मी कपाटातला क्रम आठवला आणि त्या क्रमाने उत्तरं लिहीत सुटले.

मग तोंडी परीक्षा. परीक्षक बाई माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी एक बरणी उचलून माझ्यापुढे ठेवली. तिच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी होती. बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसं मला झालं. मी इंग्रजीत घडाघडा सुरू झाले. हा सी अ‍ॅनिमोन, खडकाला चिकटून राहतो, तोंडाभोवती स्पर्शकांच्या रांगा असतात. एकही शब्द चुकला नाही. माझ्या मागे पोरं नंबर लावून उभी होती, ती सगळी ऐकत होती.

बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग मराठीत विचारलं, "तुम्ही मासे खाता का?"

"हो. आम्ही मालवणकडचे."

"मग एकदा बघा ना याच्याकडे."

मी बघितलं. लांबट अंग, मागे त्रिकोणी पर, पुढे हातांचा झुबका आणि मोठा डोळा. माकुल. आदल्या रविवारी मी सिंकपाशी उभी राहून अर्धा किलो साफ केलं होतं, तेच. ते हात मी ओढून काढले होते, आतली प्लॅस्टिकसारखी पात सोलून फेकली होती, शाईने बोटं काळी झाली होती. आणि लोलिगो म्हणून मला ते सगळं पाठही होतं. आठ हात, दोन लांब स्पर्शक, आतलं पारदर्शक कवच, शाईची पिशवी. हे दोन्ही एकच, हे वर्षभरात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण ज्याच्या काखेत कळसा असतो त्याला निदान तो कळसा आहे हे तरी माहीत असतं.

"माकुल," मी म्हणाले.

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्यांनी फक्त पुढच्याला बोलावलं.

बाहेर आल्यावर पोरांनी मला घेरलं. "काकी, टेन्शन नका घेऊ, आमची पण वाट लागली." पोरं खोटं बोलत होती. त्यांची वाट लागली नव्हती, माझ्याआधी तोंडी देऊन ती हसतच बाहेर पडली होती. मला धीर द्यायला अठरा वर्षांची पोरं खोटं बोलतायत, याची मला बरणीपेक्षा जास्त लाज वाटली. मी घरी गेले आणि रडले. स्वयंपाकाला उशीर झाला आणि त्यावरून मीच मुलीवर खेकसले.

निकाल लागला, प्रॅक्टिकलला नापास. परत बसता येतं, पण मी कॉलेजला जायचं बंद केलं. शेजारी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. काउंटरवर विचारून ठेवलं, पूर्ण दिवस मिळेल का. नवऱ्याने काही विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं, आणि त्याने विचारू नये म्हणून मी घरात भांडी जोरात आपटत होते.

मग मरोळच्या मुलीचा फोन आला. "काकी, आम्ही रिपीटवाल्यांसाठी पण बसतोय. दोघं आहेत अजून. कधी येताय?"

गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक नाही म्हणायला गुडघ्याशिवाय दुसरं कारण सुचलं नाही. जिन्यावर मला मधली पायरी दिली, पुसून. मरोळच्या मुलीने मोबाइलवर एका प्राण्याचा फोटो धरला. मी उत्तर दिलं, चुकलं. दुसरा फोटो, तेही चुकलं. माझ्या शेजारचा पोरगा चुकला तेव्हा त्याच्या डोक्यात फटकन टपली बसली आणि सगळे हसले. चुकलं की टपली, असा त्यांचा नियम होता. मी दोनदा चुकले होते आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

वर्षभर मला हेच हवं होतं. कोणी मला हसू नये, मान राखावा. तो मिळाला आणि त्या मानामुळे मी त्यांच्यात बसूनही त्यांच्यात नव्हते. माझे कान तापले.

"मला नाही का टपली?" मी म्हणाले.

"काकी, काय पण," मुलगी म्हणाली.

"दोन झाल्या. मार."

तिने हातातला वेफर तोंडात टाकला, हात ड्रेसला पुसला आणि माझ्या डोक्यात दोन टपल्या मारल्या, दुसरी चांगली जोरात. मग लगेच तिसरा फोटो पुढे केला. लांबट, वळ्यावळ्यांचं काहीतरी. काहीतरी ठोकून द्यायला जीभ शिवशिवत होती. पाठ केलेली वाक्यं घशाशी येऊन उभी होती, त्यातलं एक कदाचित लागूही पडलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"माहीत नाही," मी म्हणाले. कॉलेजात आल्यापासून हे दोन शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले.