बंदूक ठाण्यात जमा

विम्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. आणि खरं सांगते, निम्मा राग स्वतःचाच असतो.

आमचे हे गेले आणि चिकलठाण्यातलं मोटार वायंडिंगचं वर्कशॉप माझ्या गळ्यात पडलं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यात नवी तांब्याची तार भरून द्यायची. तांबं म्हटलं की चोरांचा डोळा आलाच. शेजारच्या दोन शेड फुटल्यावर माझे दीर म्हणाले, "वहिनी, बंदूकवाला ठेवा. बंदूक दिसल्यावर कुणाची माय व्यालीय आत शिरायची?"

"अन् गोळी लागून कुणी मेलं तर? त्यापेक्षा विमा काढते. गेलं तर भरून तरी मिळंल."

आठ दिवस आमची तोंडं दोन दिशांना होती. शेवटी दोन्ही केलं. देवगाव रंगारीचे एक फौजेतून रिटायर झालेले गृहस्थ त्यांच्या परवान्याची बंदूक घेऊन पहाऱ्याला आले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. एजंट फॉर्म भरताना म्हणाला, "बंदूकधारी पहारेकरी आहे असं लिहू? हप्ता कमी बसंल." मी म्हटलं, "लिहा की!" लई शहाणी ना मी.

मग निवडणूक लागली. निकाल लागेपर्यंत परवान्याच्या बंदुका जमा करा, असा ठाण्यातून हुकूम आला. मामांनी बंदूक जमा केली, पावती माझ्या हातात दिली आणि काठी घेऊन गेटवर बसले. हे विमा कंपनीला कळवायचं असतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

पुढच्याच आठवड्यात शेड फुटली. तारेची रिळं गेली, गिऱ्हाइकांच्या मोटारीही गेल्या. मामा काठी घेऊन चोरांना आडवे गेले, तर लोखंडी गजानं त्यांचा उजवा हात मोडला.

नुकसान बघायला विम्याचा सर्व्हेअर आला. आल्या आल्या विचारलं, "बंदूक कुठंय?"

"ठाण्यात."

"मग पॉलिसीची अट मोडली."

"अहो, मी सरकारचं ऐकू का तुमचं?"

"दोघांचंही," तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. तो कप त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. ठाण्यात गेले तर, "हुकूम सगळ्यांना सारखा, बाई." घरी दीर, "बंदूक असती तर..." म्हटलं, गप बसा हो! बाहेर शेतकरी येऊन बसायचे. त्यांचा गहू पाण्यावाचून वाळत चालला होता आणि मी त्यांच्या मोटारी कुठून आणून देणार होते? भरपाई नाही मिळाली तर शेडला कुलूप, हे मला दिसत होतं.

दोन महिने हेलपाटे घातले. शेवटी सर्व्हेअरच म्हणाला, "बंदूक जमा केल्याचं पहारेकऱ्यानं तुम्हाला सांगितलंच नव्हतं, असं लिहून द्या. मग चूक तुमची राहत नाही, मी शिफारस करतो."

मामा तिथंच बसले होते. "लिहा बाई," ते म्हणाले. "माझं काय जातंय?"

"उगी काहीतरी बोलू नका!" मी त्यांच्यावरच खेकसले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या टेबलावरची पावती उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली. मग मी लिहून दिलं, सही केली.

भरपाई आली. शेतकऱ्यांना मोटारी दिल्या, वर्कशॉप वाचलं. मामांचा हात बरा झाल्यावर मीच निरोप धाडून त्यांना परत बोलावलं. ते आले त्याच दिवशी एजंट नव्या वर्षाचा फॉर्म घेऊन आला होता. पहारेकऱ्याचं नाव विचारलं, मी मामांचं सांगितलं.

त्यानं फाईल चाळली. "हे नाय चालायचे, बाई. मालकाला न सांगता बंदूक जमा करणारा माणूस कंपनी कसा घेईल? खाली तुमचीच सही आहे."

"अहो, ते..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते खोटं होतं म्हणावं, तर आलेली भरपाई परत गेली असती आणि वर्कशॉपही.

मामा दारातल्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. माझ्याकडं बघत राहिले. मी काही बोलेन म्हणून थोडं थांबलेही असतील. मग उठले, "येतो बाई" म्हणाले आणि जालना रोडकडं चालायला लागले.

मी हाकसुद्धा मारली नाही. एजंटानं पेन पुढं केलं आणि मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लिहिलं.