सून सासऱ्यांच्या शेजारी

मंगळवारी दुपारी वडील गेले. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला तेव्हा सहा आठवडे उरले होते.

महाडच्या कोर्टातून निवृत्त झाल्यापासून मला सरावाच्या पुस्तकातले प्रश्न वाचून दाखवणं आणि मिनिटं मोजणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. आता ते पुस्तक उघडायचं नाही, परीक्षाही द्यायची नाही, असं मी ठरवलं. घरात आम्ही दोघंच होतो, त्यामुळे हे कुणाला सांगायचीही गरज नव्हती.

सोबतीला पोलादपूरकडच्या वाडीवरून आत्या आली. पाचव्या दिवशी तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "दादा काय वाचायचा ह्यातलं? सांग मला."

मी एक प्रश्न मराठीत करून सांगितला. एका बाईच्या फोटोकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो, हिच्या भावाचे वडील म्हणजे माझ्या आजोबांचा एकुलता एक मुलगा. तर ती त्याची कोण?

"बहीण," आत्या म्हणाली. मी अजून कागदावर आकृतीच काढत होते. "बहीण हाय तर बहीण म्हणावं. एवढे आढेवेढे कशाला? जमिनीची भानगड हाय काय?"

मग भातलावणीचा प्रश्न. बारा माणसं एक शेत आठ दिवसांत लावतात, तर सहा माणसं किती दिवसांत लावतील?

"सहा कोण? वाडीतली का मुंबईवरनं आलेली?"

"ते दिलेलं नाही, आत्या."

"मग कसं सांगू गो?"

भेटायला आलेल्या शेजारच्या काकू दारातच थबकल्या. "दहावा व्हायचाय अजून, आणि गणितं?"

"सकाळी रडून झालंय आमचं," आत्या म्हणाली. "बसा. तुम्हाला येतं का बघा."

काकू बसल्या. पुढचा प्रश्न गोल टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांच्या कुटुंबाचा होता, त्यात सून सासऱ्यांच्या शेजारी. दोघींना ते मान्यच होईना. आत्याने सुनेला सासूजवळ हलवलं. काकूंनी तिला टेबलावरून उठवून वाढायला लावलं. उरलेले पाच जण ऐसपैस बसले, पण चार पर्यायांत तसं उत्तर कुठेच नव्हतं.

"पुस्तक चुकलंय," काकू म्हणाल्या.

मी हसले, आणि लगेच रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून.

आत्याने ते पाहिलं. "हस. आणि परीक्षेला जा. दादा वर्षभर उगाच बसत नव्हता."

तेरावं झाल्यावर ती वाडीवर गेली. परीक्षा येत्या रविवारी आहे. मी जाणार आहे. नात्यांचे प्रश्न पक्के झालेत. काळ-काम-वेग अजून कच्चं आहे, आणि ते मी एकटीच वाचते.