उबदार पहाटेला घाबरणारा माणूस

वडनेर भोलजीहून फोन आला तेव्हा मी नांदुऱ्यात, एका लग्नाच्या मंडपात, शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर होतो. माझ्या मित्राची, दामूची मुलगी सुनीता एवढंच म्हणाली, "काका, बाबा गेले." मी तिथूनच वर पाहिलं. आभाळ निळंशार, ढगाचं बोटसुद्धा नाही. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसानं जाण्यासाठी असला रिकामा दिवस निवडावा, याचा मला आधी रागच आला. बाकीचं सगळं मग हळूहळू आलं...

दामू वडनेरच्या शाळेत मास्तर, मी मंडपवाला. दोघंही आभाळाकडे पाहायचो, तो हौसेनं आणि मी भीतीनं. ऐन माघात एखाद्या पहाटे थंडी अचानक पळायची, वारा पूर्वेकडून यायचा, लोक खुशीत अंगातले स्वेटर उतरवायचे, आणि हा पठ्ठ्या चिंतेत. एकदा मी कारण विचारलं, तर चहाच्या टपरीवर त्यानं पूर्ण तास घेतला. "थंडी हवा जड राह्यते बे. ते वरपक्षाच्या मामावाणी येते आन् खालून घुसते. उबदार, ओली हवा बसली असते, तिले उठाच लागते. वर गेली का ढग, आन् ढगात गारा. याले शीत आघाडी म्हणतात. खरी आघाडी उत्तरेतून, पंजाबातून निघून जाते. आपल्याकडं तिचं शेपूट येते. पण शेपूटबी पुरते." म्हणजे ती ऊब थंडीच्या निरोपाची नसते, मामा येण्याआधीची असते. गारा पडून गेल्या की पुन्हा कडाक्याची थंडी.

एका वर्षी त्यानं गावाला हरभरा लवकर काढायला लावला. शेपूट आलं, पण आमच्यावरून न जाता दूर कुठंतरी आपटलं. इकडे लख्ख ऊन, आणि खळ्यावर हिरवट, बारीक दाणा. दामू घरोघर गेला आणि प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाला, "माह्यामुळं झालं." एका म्हातारीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "मास्तर, तुमी पोरंच शिकवा." त्यानंतर दोन हिवाळे तो हवेवर एक शब्द बोलला नाही. आभाळ विचारलं की भाजीचे भाव सांगायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात वडनेरलाच माझा मंडप होता. सकाळी हळद चालू होती, हवा दमट, अंगाला चिकटणारी. गावाबाहेर कापलेल्या हरभऱ्याच्या गंज्या उघड्या पडल्या होत्या. दामू मंडपाच्या कडेला मान वर करून उभा होता.

"काऊन बे, गप्प काऊन?"

"मले काय विचारतं? माहा हरभरा खाऊन लोकाचे दात अजून आंबट हायेत."

"शेपूट येणार हाय का नाही, तेवढं सांग."

"येईन असं वाटते. पुन्हा चुकलो तं?"

"चुकला तं चुकला. जेवण आहेच इथं."

मी बँडवाल्याला थांबवलं आणि माईक त्याच्या हातात कोंबला. दामूनं माईकवर दोनदा टिचकी मारली. मग म्हणाला, "मी दामू मास्तर. मागं चुकलो होतो. आजबी चुकू शकतो. काही कापू नका, फक्त गंज्या झाका." काही हसले. काही उठले. मग आणखी काही उठले.

माईक परत देताना मला म्हणाला, "तू बी वरचं कापड उतरव."

"मी तुले बोलाले लावलं. मी ऐकतो म्हटलं का?"

चारच्या सुमारास गारा आल्या. गंज्या झाकलेल्या राहिल्या, माझ्या मंडपाची चाळणी झाली, आणि नवरदेव डोक्यावर पुऱ्यांची परात धरून लग्नाला उभा राहिला. दामूनं मला टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशीच्या गारठ्यात सुई-दोरा घेऊन आला आणि माझ्यासोबत कापड शिवत बसला.

पुढं तो दर हिवाळ्यात बोलायचा, आणि सुरुवात तीच, "मागं चुकलो होतो." मी म्हटलं, आता पुरे, तीनदा बरोबर निघालास, ते वाक्य काढ. तो म्हणाला, "ते काढलं का मी मास्तर राह्यत नाही. बुवा होतो."

तो गेल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वडनेरला पुन्हा माझा मंडप लागला. पहाटे ऊब होती, वारा पूर्वेचा. लोक एकदा वर आणि एकदा माईककडे पाहत होते. शेवटी मीच माईक घेतला, पण सांगायला माझ्याकडे ज्ञान कुठलं? "मले आभाळातलं कळत नाही," मी म्हटलं, "पण मी माहा मंडप उतरवून राह्यलो." आणि दोऱ्या सोडायला लागलो. पाच मिनिटांत माणसं गंज्या झाकायला शेताकडे निघाली.

ढग संध्याकाळपर्यंत घुटमळले आणि निघून गेले. थेंब नाही. उघड्यावर लग्न लावावं लागलेल्या वरबापानं मला जे ऐकवलं, ते इथं छापता येणार नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. पुढच्या खेपेला माईकवर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते आता माझ्याकडेही आहे.