मंगळाबायची पिकअप

घेतलेल्या गाडीचे किस्से सगळेच सांगतात. न घेतलेल्या गाडीचे किस्से फक्त वसईजवळच्या गिरीज गावातल्या आम्हा चौघांकडे आहेत! एक जुनी डिझेल पिकअप घ्यायची की नाही, हे ठरवण्यात आम्ही अख्खा एक उन्हाळा घालवला. त्या उन्हाळ्यात एवढ्या गोष्टी जमल्या की पुढची कित्येक वर्षं आमच्या गप्पा तेवढ्यावरच निघाल्या. अजून हसतो. हसून झाल्यावर मात्र कोणी कोणाकडे बघत नाही.

चौघं म्हणजे पांडूकाका, बस्त्याव, नाना मास्तर आणि मी, सदू. आमच्या केळीच्या वाड्या एकमेकींना लागून, आणि मधे चौघांची मिळून एकच विहीर. तिच्यावर रहाट. रहाटाची पाळी ठरवायची तर चौघांचं एकमत लागायचं. एक जरी 'नाय' म्हणाला तरी त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत. बापजाद्यांची रीत! या रीतीमुळे आमच्यात कधी डोकी फुटली नाहीत, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

* * *

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमची केळी भाड्याच्या ट्रकने दादरला जायची. ट्रक यायचा तो त्याच्या मर्जीने. एकदा दोन दिवस आलाच नाही. पांडूकाकांची राजेळी केळी नाक्यावर उन्हात काळी पडली. उन्हात सुकवून सुकेळी करायच्याही लायकीची राहिली नाहीत. शेवटी घरी आणून म्हशीला घातली. पहिल्या दिवशी तिने खाल्ली, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं.

पांडूकाका म्हणाले, "बघा, ही पण आता दादरच्या व्यापाऱ्यासारखी नखरे करते!"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी आम्हा तिघांना विहिरीवर बोलावलं. त्यांचा एकुलता एक मुलगा विनू नुकतंच लायसन काढून बसला होता. मुंबईत कोणाच्या तरी ट्रकवर त्याला नोकरी लागत होती.

"चौघांत एक गाडी घेऊ," पांडूकाका म्हणाले. "विनू चालवील. गाडी आली तर पोरगा वाडीत राहील. नायतर माझ्यामागे इथं उभा राहायला कोण हाय?"

एवढं साधं होतं ते.

* * *

पिकअप होती अर्नाळ्याच्या मंगळाबायची. नवरा गेल्यावर तिने त्या गाडीवर एकटीने मासळीचा धंदा ओढला होता. आता गुडघे गेले म्हणून विकायला काढली. बाई अशी की तिच्यासमोर घासाघीस करायची आमच्यापैकी एकाचीही छाती नव्हती.

बस्त्यावने मागचं फळकुट उघडलं आणि दोन पावलं मागे आला. "बाय, हिच्यात केळी घातली तर दादरला बोंबील म्हणून उतरतील!"

मंगळाबाय म्हणाली, "पानी मार, जाईल वास. माझ्या अंगाचा गेला नाय, तरी माझी पोरं जेवतातच ना माझ्या हातचं?"

बस्त्यावने गुपचूप फळकुट लावलं.

* * *

नाना मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. गाडीतलं त्यांना फारसं कळत नसे, पण आकडा दिसला की अंगात यायचं. मीटरवर नव्व्याण्णव हजार नऊशे सत्त्याण्णव किलोमीटर! मास्तरांनी मान हलवली. "दमलेली आहे. बैल असता तर आपण दाराशीसुद्धा उभा केला नसता."

तरी ट्रायलला सगळे बसलो. विनू चालवत होता, मंगळाबाय त्याच्या शेजारी, आम्ही चौघं मागे. मास्तर मधल्या खिडकीला नाक लावून मीटर बघत होते. आगाशीच्या अलीकडे ते एकदम ओरडले, "थांब, थांब!"

मीटरवर पाच शून्यं होती.

"घ्या मास्तर," बस्त्याव म्हणाला, "तुमच्या डोळ्यांदेखत नवी झाली!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाई, ही शून्यं पहिल्यांदा आली की दुसऱ्यांदा?"

"मोजाया वेल कोनाला व्हता?" मंगळाबाय म्हणाली. "माझं कपाल तरी कितींदा शून्यावर आलं, ते मोजलंय का मी?"

* * *

पुढे आमच्या गिरीजच्या वळणावर गाडी बंद पडली. चावी फिरवली की नुसता खर्र खर्र आवाज. विनूने बॉनेट उघडलं, थोडा वेळ वाकून बघितलं आणि हसतच वर आला.

"सेल्फ गेलाय फक्त. इंजिन टकाटक आहे, बाबा. धूर बघितला ना? काळा होता. निळा असता तर म्हटलं असतं, ऑइल खाते. ही अजून दहा वर्षं कुठे जात नाही!"

पांडूकाकांनी धोतर खोचलं. "चला रे, लावा खांदा!"

आम्ही चौघांनी ढकललं. गाडी चालू झाली आणि विनू आम्हाला तिथेच सोडून तिला थेट वाडीपर्यंत घेऊन गेला. आम्ही मागून धूळ खात चालत आलो. पांडूकाका सगळ्यांच्या पुढे होते. त्या दिवशी त्यांच्याएवढा सुखी माणूस अख्ख्या वसईत नव्हता. मी बघितलाय ना त्यांचा चेहरा, म्हणून सांगतो.

* * *

बस्त्यावचं मन तरी डळमळत होतं. तो फादरकडे गेला. म्हणाला, "फादर, गाडीवर आधीच तीर्थ शिंपडून द्या, म्हणजे घ्यायला भीती नाही."

फादर म्हणाले, "बस्त्याव, गाडी अजून बाईची आहे. आत्ता आशीर्वाद दिला तर लागू तिलाच पडेल!"

बस्त्यावला ते पटलं. रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर येऊन तो म्हणाला, "माझा होकार." मास्तरही दोन दिवसांनी तयार झाले. आता राहिलो मी.

* * *

माझं असं होतं की मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि गाडीत पैसे अडकवायची मला भीती वाटत होती. पण भीती वाटते, असं कोणी सांगतं का? मी म्हटलं, "माझ्या मेव्हण्याला दाखवू. तो मुंबईत मोठ्या वर्कशॉपात आहे. तो हो म्हणाला तर माझं हो."

मेव्हणा आला. पांढरी पँट, खिशात पेन! त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ घातली, बॉनेटला कान लावला. गाडी बंद होती, तरी लावला! विनू त्याला धुराचं समजावून सांगायला गेला, तर म्हणाला, "तू मला शिकवू नको." मग आत बसला, सीट दाबून बघितली आणि निकाल दिला, "घेऊ नका. खड्ड्यात जाल. सीट मात्र फर्स्ट क्लास आहे."

विहिरीवर तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एक पावसाळा थांबू." म्हणजे 'नाय'.

रीत ती रीत. कोणी वाद घातला नाही. पांडूकाका उठून रहाटाचा दोर उगाच सारखा करत बसले. विनू बाजूला उभा होता. तो फक्त म्हणाला, "चालेल, सदूकाका."

पुढे लग्नात बस्त्यावने मेव्हण्याला विचारलं, "वर्कशॉपात तुमच्याकडे नक्की काय असतं हो?" मेव्हणा म्हणाला, "सीटा शिवायचं."

मांडवातले सगळे पोट धरधरून हसले. किस्सा आजही तिथेच संपतो. पुढचं मी कधी सांगत नाही, पण ते आज सांगतो. तो सीटा शिवतो, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

* * *

मंगळाबाय काही पावसाळाभर थांबली नाही. गाडी नालासोपाऱ्याच्या एका भरावाच्या कंत्राटदाराला विकली. त्याला ड्रायव्हर हवा होता, आणि त्या गाडीच्या खोडी विनूएवढ्या दुसऱ्या कोणाला माहीत होत्या? मुंबई राहिली बाजूला, विनू त्याच गाडीवर लागला. पोरगा इथेच राहिला म्हणायचा, पण वाडीत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनीत माती ओतायचा.

मग काही वर्षांत विहिरीला खार लागला. पाणी तोंडात धरवेना, केळी माना टाकायला लागली. बिल्डर आले. रहाटाच्या पाळीला एकमत लागायचं, पण वाडी विकताना कोणी कोणाला विचारलं नाही. पहिली मी विकली. शेवटची पांडूकाकांनी.

विहीर बुजवायची होती त्या दिवशी आम्ही चौघंही न ठरवता तिथे आलो. कठड्यावर बसलो. तेवढ्यात दगडमाती भरून तीच पिकअप आली. रंग उडालेला, पण आवाज तोच. विनू चालवत होता. मास्तरांनी सवयीने काचेतून मीटर बघितला.

वाडीच्या तोंडाशी गाडी बंद पडली. खर्र खर्र. विनूने दोनदा चावी फिरवली. मग मान बाहेर काढून नुसता आमच्याकडे बघत राहिला.

पांडूकाका उठले. त्यांनी धोतर खोचलं, गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात फळकुटाला लावले. बस्त्याव गेला, मास्तर गेले. मी कठड्यावरच बसून होतो.

पांडूकाकांनी मान वळवली.

"काय सदू, आज तरी एकमत हाय ना? ये, लाव खांदा!"