डोंगरावर बर्फ येणार होता

आम्ही तेव्हा मस्कतमध्ये, अझैबाला राहत होतो. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, मी आणि नवरा जेबेल शम्सच्या डोंगरावर फिरायला गेलो. वरच्या वस्तीपाशी ढग भराभर खाली उतरले आणि एका ओमानी म्हातारीने हात आडवा करून गाडी थांबवली.

"बर्फ आएगा," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "नीचे मत जाओ. यल्ला, काम करो!"

नावगाव न विचारता तिने माझ्या हातात एक करडू दिलं आणि नवऱ्याला गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवायला पिटाळलं. स्वतः खिडक्यांच्या फटींत गोणपाट कोंबताना ती शेळ्यांना आणि आम्हाला एकाच सुरात दटावत होती. करडाची आई सापडेना, तेव्हा मात्र तिने हातातलं गोणपाट टाकलं आणि शेळ्या पुन्हा मोजल्या. अखेर नवऱ्याने ती शेळी कड्याजवळच्या झुडपातून ओढून आणली. म्हातारीने तिला आधी धपाटा घातला, मग तिचं तोंड कुरवाळलं.

मग गोठ्यावर भरवसा न ठेवता तिने सगळ्यांनाच घरात घेतलं. पाहुण्यांच्या खोलीत शेळ्या गालिच्यावर बसल्या आणि आम्ही दाराशी.

"दरसाल गिरता है?" मी विचारलं.

"नहीं बेटी, कभी कभी."

"आज नहीं गिरा तो?"

"तो भी चाय पियेंगे!"

संकटाची इतक्या उत्साहाने तयारी करणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बर्फ पडला. अंगण पांढरं होताच ती बाहेर धावली, मूठभर बर्फ आणून तिने माझ्या नवऱ्याच्या कॉलरमध्ये टाकला, आणि तो किंचाळल्यावर इतकी खदखदून हसली, की आतल्या सगळ्या शेळ्या ओरडायला लागल्या.